लेझीमसाठी अंगावरचे मोशन सेन्सर: पाच मिनिटांत पाय वाकडे, मॅग्नेटोमीटर घ्यावा का?

कडी_आणि_ताल (प्रश्न)

नागपुरात एका शाळेच्या सभागृहात लेझीमचे प्रकार आभासी मंचासाठी रेकॉर्ड करायचे आहेत. एका वेळी एकच नाचणारा, आणि मग संगणकात त्याच हालचालींवर वीस जणांची रांग उभी करायची. कॅमेऱ्यांची सिस्टीम बजेटबाहेर आहे, म्हणून अंगावर बांधायचे सेन्सर.

सध्याची जुळणी अशी: वेमॉस डी१ मिनी (ईएसपी८२६६ चिपवरचा छोटा वाय-फाय बोर्ड) आणि त्यावर एमपीयू ६०५० (गायरो आणि ॲक्सेलरोमीटर असलेला हालचालीचा सेन्सर), असे सहा नग. एक छातीवर, एक कमरेला, दोन मांड्यांना, दोन नडग्यांना. लॅपटॉपवर स्लाइमव्हीआर सर्व्हर, म्हणजे सेन्सरांच्या कोनांवरून अंगाची हालचाल जुळवणारा प्रोग्राम. प्रत्येक डबीत १००० एमएएचची सपाट लिथियम बॅटरी आणि टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल.

तीन अडचणी आहेत.

पहिली, चारपाच मिनिटांत मांड्या आणि नडग्या एकमेकींच्या तुलनेत फिरतात. माणूस सरळ उभा, पण पडद्यावर एक पाऊल ईशान्येला आणि दुसरं दक्षिणेला. दुसरी, जमिनीवर जोरात पाय आपटला की नडगी पडद्यावर झटका खाते आणि सावकाश जागेवर येते. तिसरी, सहातले दोन सेन्सर मध्येच गायब होतात.

मॅग्नेटोमीटर (होकायंत्रासारखा चुंबकीय सेन्सर) असलेला एमपीयू ९२५० लावला तर पहिली अडचण सुटेल असं सगळीकडे वाचायला मिळतं. मागवावा का? आणि डोक्याला व्हीआर हेडसेट न लावता नाचणाऱ्याची सभागृहातली जागा मिळू शकते का?

---

क्वाटर्नियन_काका

मागवू नका. निदान आत्ता नाही. आधी कुठली चूक किती आहे ते टेबलावर मोजा, कारण "ड्रिफ्ट" (कोन हळूहळू सरकणं) या एका नावाखाली वेगवेगळे आजार येतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

गायरो कोनीय वेग देतो. तो वेळेनुसार जोडत गेलं की कोन मिळतो. पुढेमागे आणि आडवं कलणं ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा) गुरुत्वाकर्षण बघून सुधारतो, पण उभ्या अक्षाभोवतीचं फिरणं (यॉ) गुरुत्वाकर्षणाला दिसतच नाही. तुमचे पाय फिरतात ते याच अक्षाभोवती.

आजार एक, बायस. सेन्सर स्थिर असतानाही गायरो शून्याऐवजी थोडं काहीतरी वाचतो. सेकंदाला ०.०२ अंश उरला तर पाच मिनिटांत ६ अंश. एमपीयू ६०५० च्या डेटाशीटमध्ये सुरुवातीचा शून्य-बिंदू सेकंदाला ±२० अंशांपर्यंत चुकू शकतो असं दिलंय. कॅलिब्रेशनने तो काढता येतो, पण तापमान बदललं की तो परत सरकतो. आणि तुमच्या सभागृहात मे महिन्यात कूलर असणारच. कूलरसमोर उभं राहिलं की छातीवरची डबी थंड, पाठ वळली की गरम. सेन्सर चालू करून दहा मिनिटं अंगावर तसेच राहू द्या, मग कॅलिब्रेट करा. टेबलावर थंड असताना केलेलं कॅलिब्रेशन अंगावर टिकत नाही. कूलरचा झोत नाचणाऱ्यावर थेट येणार नाही असा फिरवून ठेवा.

आजार दोन, ज्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही: स्केल. गायरोने १०० म्हटलं तर खरं ९७ असेल किंवा १०३. एमपीयू ६०५० ला ही सूट ±३ टक्के आहे. चालण्या-बसण्यात हे लक्षातही येत नाही, पण लेझीममध्ये गिरक्या आहेत. ३६० अंशांवर ३ टक्के म्हणजे १०.८ अंश, आणि तेही एकाच गिरकीत. छातीचा सेन्सर +२ टक्के आणि मांडीचा −१ टक्का असेल तर प्रत्येक गिरकीला त्या दोघांत जवळपास ११ अंशांची फूट पडते. उजवीकडे जितक्या, तितक्याच डावीकडे घेतल्या तर ती मिटते; एकाच बाजूला घेतल्या तर साचत जाते. बायसच्या कॅलिब्रेशनने ही चूक तसूभरही कमी होत नाही.

मोजायचं असं: डबी अंगावर जशी उभी असते तशीच टेबलावर उभी धरा (आडवी ठेवलीत तर वेगळाच अक्ष तपासला जाईल). जाड लाकडी पट्टीला टेकवून शून्य घ्या, घड्याळाच्या दिशेने दहा फेऱ्या फिरवून परत पट्टीला टेकवा. मग उलट दिशेने दहा. तेवढ्याच वेगाने, तेवढ्याच वेळात. दोन्ही दिशांच्या आकड्यांची सरासरी काढलीत की बायस गळून जातो आणि स्केल उरतो. ३६०० च्या जागी ३६५४ आले तर दीड टक्का जास्त. दोन्ही आकड्यांतला फरक हा बायसचा.

आता मॅग्नेटोमीटर. नागपुरात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक ३९ मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. युरोपात तो विसाच्या घरात असतो, म्हणजे तिथल्यापेक्षा आपला होकायंत्र-सेन्सर निम्म्यानेच बहकतो. या एका बाबतीत आपण नशीबवान. पण लेझीम हातात आहे ना! लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी, त्यात चकत्या. सेन्सरलाच चिकटलेलं लोखंड कॅलिब्रेशनमध्ये वजा करता येतं. सतत जवळ-लांब होणारं लोखंड वजा करायला कुठलंही गणित नाही. मनगट आणि छातीवर मॅग्नेटोमीटर विसराच. पायांसाठी आशा होती, पण स्लॅबमधल्या सळया, लोखंडी खांब, कूलरचा पत्रा आणि मोटर तीही खातात. मोबाइलवर मायक्रोटेस्ला दाखवणारं ॲप लावून घोट्याच्या उंचीवर सभागृहभर चाला. आडवा घटक ५ मायक्रोटेस्लाने बाजूला ओढला गेला तर दिशा सुमारे ७ अंशांनी चुकते. लोखंडी खांबाशेजारी तर काटा कुठेही जाईल.

शिवाय एमपीयू ९२५० चं उत्पादन कधीच थांबलंय. त्या नावाने मिळणाऱ्या बोर्डांवर बऱ्याचदा एमपीयू ६५०० चिकटवलेला असतो, ज्यात मॅग्नेटोमीटर नसतोच. चिपचा ओळख-रजिस्टर वाचा: हेक्समध्ये ७१ आला तर ९२५०, ७० आला तर ६५००.

---

बर्डीचा_सोल्डर

काकांचं बरोबर, पण भाऊ, गायब होणाऱ्या दोन सेन्सरांकडे आधी बघा. तो बिघाड सुटल्याशिवाय बाकीचं मोजमाप खोटंच येणार.

ईएसपी८२६६ सरासरी ८० मिलिअँपिअरच्या आसपास खातो, पण वाय-फायवर पॅकेट सोडताना क्षणभर ३०० च्या वर उसळतो. बारीक वायर, सैल स्लाइड स्विच आणि स्वस्त बोर्डावरचा सुमार रेग्युलेटर, तिघं मिळून त्या क्षणी व्होल्टेज पाडतात आणि बोर्ड रीसेट होतो. ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये १०० ते २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बोर्डाला खेटून लावा. बॅटरीची वायर जाड घ्या. ५ व्होल्टचा बूस्टर मध्ये घालू नका. बॅटरी सरळ ५व्ही पिनवर दिली तरी बोर्ड चालतो, आणि बूस्टरचा आवाज सेन्सरमध्ये शिरत नाही. बॅटरी चढवलेली असताना यूएसबी मात्र टीपी४०५६ लाच लावायची, डी१ मिनीला नाही.

टीपी४०५६ चे दोन प्रकार मिळतात. सहा पॅडवाला (आउट+ आणि आउट− वेगळे) घ्या, त्यात संरक्षणाची चिप असते. तो मुळात १ अँपिअरने चार्ज करतो, कारण त्यावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर आहे. १००० एमएएचच्या सेलला, तेही आपल्या उन्हाळ्यात, हे जास्त होतं. रेझिस्टर बदलून २.४ किलोओहम लावा, करंट अर्ध्यावर येईल. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि बंद खोलीत चार्जर स्वतःच तापतो. मे महिन्यात चार्जिंग रात्री. स्कूटीच्या डिकीत सेन्सर ठेवून दुपारी उन्हात गाडी लावणं तर सोडाच. ग्लूगनचा गोंदही त्यात मऊ पडतो आणि आतला बोर्ड डबीत हलायला लागतो. बोर्ड हलला की माउंटिंगचा कोन (सेन्सर अंगावर कसा बसलाय तो) गेला. एम२ चे स्क्रू वापरा.

बॅटरीच्या छोट्या कनेक्टरवर लाल-काळी वायर कुठल्या बाजूला, याचा काही नेम नसतो. प्रत्येक सेल जोडण्याआधी मल्टीमीटर लावा. उलटा जोडला तर टीपी४०५६ लगेच जातो.

बॅटरीची पातळी दिसायला हवी असेल तर बॅटरी+ पासून ए० पिनला १८० किलोओहमचा रेझिस्टर. बोर्डावर आधीच २२० आणि १०० किलोओहमचा विभाजक आहे. १८० वाढवला की ए० ची मर्यादा ५ व्होल्टपर्यंत जाते.

आता वाय-फाय. शाळेचं नेटवर्क वापरू नका. तिथे बहुतेक वेळा एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशी सेटिंग असते. घरातला जुना राउटर आणा, इंटरनेट नसलं तरी चालतं. ईएसपी८२६६ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो पक्का करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ, सुरक्षा डब्ल्यूपीए२. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा. राउटर टेबलावर नको, सातआठ फूट उंच ठेवा. माणसाचं शरीर म्हणजे पाण्याची पखाल, ती २.४ गिगाहर्ट्झ अडवते. डबीत डी१ मिनीचा अँटेनाचा कोपरा बाहेरच्या बाजूला आणि बॅटरीपासून लांब हवा. तुमचे गायब होणारे दोन सेन्सर एकाच बाजूच्या पायावर आहेत का ते बघा. असतील तर राउटर दुसऱ्या बाजूला हलवून बघा.

---

कडी_आणि_ताल

दोघांचे आभार. कपॅसिटर लावल्यावर गायब होणं थांबलं. टेबलावर दहा मिनिटं स्थिर ठेवून यॉ बघितला: पाच सेन्सर २ अंशांच्या आत, डाव्या मांडीचा ९ अंश सरकला. दहा फेऱ्यांच्या चाचणीत छातीचा ३५३२ निघाला, कमरेचा ३६२२. म्हणजे खरा खेळ स्केलचाच दिसतोय. पण हा गुणक घालायचा कुठे? फर्मवेअरमध्ये (बोर्डावर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) अशी जागाच सापडत नाही. आणि पाय आपटल्यावरचा झटका तसाच आहे.

---

क्वाटर्नियन_काका

जागा सापडत नाही, कारण एमपीयू ६०५० च्या आत डीएमपी नावाचा छोटा प्रोसेसर आहे आणि तो तयार क्वाटर्निअन (चार आकड्यांत मांडलेली दिशा) बाहेर देतो. शिजलेल्या भातात मागून मीठ घालण्यासारखं आहे ते. डीएमपी बंद करून गायरो-ॲक्सेलरोमीटरचं कच्चं वाचन घ्यावं लागेल. गायरो ±२००० अंश-प्रति-सेकंद या रेंजवर असेल तर एका अंशाला १६.४ एकक, या भागाकाराच्या आकड्यातच तुमचा गुणक मिसळा. छातीसाठी ३६००/३५३२ म्हणजे १.०१९, कमरेसाठी ०.९९४. मग कोन काढायचं काम ईएसपीवर फिल्टरने, म्हणजे दोन्ही वाचनं जुळवणाऱ्या गणिताने. त्यातला व्हीक्यूएफ घ्या. स्थिर असताना तो बायस स्वतःच मोजत राहतो, आणि दोन प्रकारांमध्ये नाचणारा पाचदहा सेकंद सावधानमध्ये उभा राहिला की त्याला पुरतं. कवायतीत ही सवय आयतीच असते!

झटक्याचं मूळही डीएमपीपाशीच असणार. त्याच्या नेहमीच्या लायब्ररीत ॲक्सेलरोमीटर ±२ जी वर सुरू होतो (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण). कठीण फरशीवर पाय आपटला की नडगीला त्याच्या कितीतरी पट धक्का बसतो. वाचन २ जी ला कापलं जातं, उरलेला भाग एकाच बाजूला झुकतो, आणि फिल्टरला वाटतं की गुरुत्वाकर्षणाची दिशाच बदलली. तो त्या खोट्या दिशेकडे वळतो आणि मग सावकाश परत येतो. नेमकं तुम्ही वर्णन केलंत तसं. पायांच्या सेन्सरना ±१६ जी करा. व्हीक्यूएफमध्ये ॲक्सेलरोमीटरवरच्या विश्वासाची वेळ मुळात ३ सेकंद आहे; पायांसाठी ती ५-६ पर्यंत वाढवून बघा. फार वाढवलीत तर पुढेमागे कलण्याची चूक साचेल, म्हणून थोडं थोडं.

डाव्या मांडीचा तो ९ अंशवाला बदलून टाका. त्याच्यावर वेळ घालवू नका.

---

ठोक_आणि_चिल्लर

सगळे चिपवरच अडलेत. पट्टा कुठे आणि कसा बांधता, हे कोणी विचारलंच नाही.

मांडीच्या मधोमध, पुढच्या बाजूला बांधलात तर लेझीमच्या प्रत्येक बैठकीत स्नायू फुगून डबी पाचदहा अंश वळवतो. हाडाला काही झालेलं नसतं. गुडघ्याच्या वर चार बोटं सोडून, बाहेरच्या बाजूला बांधा. तिथे मांस कमी हलतं. नडगीवर आतल्या बाजूचा सपाट हाडाचा भाग, पोटरीच्या खाली. छातीवर मधल्या हाडावर, पोटावर नाही, नाहीतर श्वासही रेकॉर्ड होतो. धोतरावरून किंवा सैल पायजम्यावरून कधीच नाही. आतून घट्ट टाइट्स आणि त्यावर पट्टा.

इलॅस्टिक ४०-५० मिमी रुंद, आतून सिलिकॉनची रेघ असलेलं. साधं इलॅस्टिक आणि वेल्क्रो नागपूरच्या इतवारी बाजारात ठोक भावात मिळतं. सिलिकॉनवालं नाही मिळालं तर सिलिकॉन सीलंटच्या दोन बारीक रेघा ओढून रात्रभर वाळू द्या. घामाने साधं इलॅस्टिक दहा मिनिटांत घसरतं. डबीला पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, घामाचं मीठ पिनांवर बसतं.

पट्टा सरकला की सर्व्हरमधला नुसता यॉ रीसेट पुरत नाही. ताठ उभं राहून पूर्ण रीसेट, मग गुडघे वाकवून, किंचित पुढे झुकून माउंटिंग रीसेट. दोन्ही, याच क्रमाने. मधल्या वेळात पट्ट्याला हात लावायचा नाही.

---

बर्डीचा_सोल्डर

सेन्सर बदलायचेच असतील तर आयसीएम ४५६८६ घ्या. गायरो ±४००० पर्यंत, ॲक्सेलरोमीटर ±३२ जी पर्यंत, आणि नॉइज एमपीयूपेक्षा कितीतरी कमी. बर्डीत (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) एमपीयू ६०५०, डी१ मिनी, टीपी४०५६ सहज मिळतात, हा मात्र ऑनलाइनच मागवा. एक मधला पर्याय बीएनओ०८५. तो कोन स्वतःच काढून देतो, पण आय२सी वर (सेन्सर आणि बोर्ड जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर) घड्याळ ओढून धरतो आणि ईएसपी८२६६ ला ते नेहमी झेपत नाही. इंटरप्ट पिन जोडलीच पाहिजे. त्यातही चुंबक नसलेला मोड निवडायचा, साखळीमुळे.

पाऊलही हवं असेल तर नडगीच्याच डबीला दुसरा सेन्सर वायरने जोडता येतो. एमपीयूवर एडी० पिन ३.३ व्होल्टला दिली की पत्ता ६८ चा ६९ होतो (हेक्समध्ये). वायर ३० सेमीच्या वर गेली तर आय२सी चा वेग ४०० वरून १०० किलोहर्ट्झ करा आणि पुल-अप २.२ किलोओहम घ्या. घोट्यापाशी वायरला थोडा झोल द्या, नाहीतर बैठकीत सोल्डर तुटतो.

---

क्वाटर्नियन_काका

जागेचा प्रश्न राहिला. हे सेन्सर दिशा देतात, जागा नाही. ॲक्सेलरोमीटरचं वाचन वेळेनुसार दोनदा जोडत जाऊन जागा काढायचा मोह होईल, तर हा हिशेब बघा: कलण्यात फक्त १ अंश चूक असेल तर गुरुत्वाकर्षणाचा ०.१७ मीटर-प्रति-सेकंद-वर्ग इतका तुकडा आडव्या हालचालीत मिसळतो. दहा सेकंदांत माणूस साडेआठ मीटर सरकलेला दिसतो. सभागृहाच्या भिंतीबाहेर.

हेडसेट लावला तर डोक्याची जागा पक्की कळते आणि तिथून हाडांची साखळी खाली लोंबते. म्हणूनच हाडांच्या लांब्या सर्व्हरमध्ये बरोबर भरणं महत्त्वाचं; मांडीची लांबी ३ सेमी चुकली तर बैठकीत पाऊल जमिनीत घुसतं किंवा तरंगतं. पण हेडसेट घालून लेझीम करू नये. लेझीमची साखळी हेडसेटच्या कॅमेऱ्यांसमोर नाचते आणि नाचणाऱ्याला बाजूचं दिसत नाही.

हेडसेटशिवाय: जे पाऊल टेकलेलं, ते जमिनीला खिळलेलं समजायचं आणि हाडांची साखळी तिथून वर चढवायची. नडगीचा गायरो सेकंदाला ३० अंशांच्या खाली आणि ॲक्सेलरोमीटर १ जी च्या आसपास, असं ८० मिलिसेकंद टिकलं की पाऊल टेकलं. उडीत दोन्ही पाय हवेत असतात, तिथे ही युक्ती तुटते. ती जागा हाताने दुरुस्त करावी लागेल. डोक्यासाठी सातवा सेन्सर कपाळपट्टीवर लावा, फेटा त्याच्यावरून. फेट्यात खोचलात तर फेट्यासोबत फिरेल.

हातांना चार: दोन दंडावर, कोपराच्या वर, बाहेरून; दोन मनगटाच्या जरा वर. लेझीम दोन्ही हातांत असते, म्हणून दोन तळव्यांमधलं अंतर दांडा आणि ताणलेली साखळी यांच्यापुरतंच वाढू शकतं. हातांचा यॉ किती चुकलाय हे पकडायला ही मर्यादा मॅग्नेटोमीटरपेक्षा जास्त कामाची आहे.

---

कडी_आणि_ताल

शेवटचा प्रश्न. वीस जणांच्या रांगेसाठी एकाचंच रेकॉर्डिंग वीसदा चिकटवलं तर खोटं दिसतं. चार जणांचं वेगवेगळं घेतलं तर ते एका तालात कसे बसवायचे?

---

ठोक_आणि_चिल्लर

हलगीचा ट्रॅक आधीच रेकॉर्ड करून ठेवा आणि प्रत्येकाला तोच ऐकवा. सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकाने तीनदा पाय आपटायचे. सर्व्हरमधून बीव्हीएच फाइल (हालचालींची नोंद) काढली की ब्लेंडरमध्ये (थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये) ते तीन ठोके नडगीच्या आलेखात उठून दिसतात, तेच एकावर एक ठेवा. शेवटचे तीन जुळले नाहीत तर मधली पॅकेटं पडली आहेत. फाइल ताणून बसवू नका, तो तुकडा परत घ्या. एक तुकडा दीड-दोन मिनिटांच्या वर नेऊ नका, आणि दर तुकड्याआधी रीसेट.

फरशीवर चुन्याने एक मीटरचे चौकोन आखून गॅलरीतून मोबाइलने ६० फ्रेमचा व्हिडिओ घ्या. जागा दुरुस्त करताना तोच आधार. गिरक्या असलेल्या प्रकारात नाचणाऱ्याने शेवटी चौकोनाच्या रेघेवर पावलं ठेवून थांबायचं, म्हणजे त्या तुकड्यात किती अंश साचले ते लगेच वाचता येतं.